जॉनला तुरुंगातून कोण सोडवते?



२०१४ च्या आगमनकाळातली गोष्ट आहे. मिस्सानंतरच्या धर्मशिक्षण वर्गात दहा आज्ञांचा धडा चालू होता. सातव्या आज्ञेपर्यंत येताना मुले कंटाळली, तेव्हा आम्ही वह्या काढायला सांगितल्या आणि फळ्यावर लिहिले : 'वाईट माणूस. चित्र काढा.' कोणी चोर काढील, कोणी दारुडा, कोणी शिंगे-शेपटीचा सैतान, अशी आमची समजूत. तिसरी-चौथीतली एकोणीस मुले होती. पाने गोळा केली तर अकरा पानांवर एकच माणूस. त्याच्या शेजारी दोन किरकोळ साथीदार, एकाच्या पोटावर १ आणि दुसऱ्याच्या पोटावर २ असा आकडा. खाली कोणी मराठीत, कोणी इंग्रजीत स्पेलिंग चुकवून नाव लिहिलेले : जॉन द डॉन.

आम्ही हसलो. पाने एकमेकांना दाखवून पुन्हा हसलो. त्याच नावाचा एक मुलगा आमच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेला आहे, हे आमच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. मुलांच्या लक्षात ते आधीच आले होते.

ज्या आजी-आजोबांच्या हातातला रिमोट नातवंडांनी अजून पळवलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. 'मोटू पतलू' ही जोडी मूळची 'लोटपोट' या मुलांच्या हिंदी नियतकालिकातली. कृपाशंकर भारद्वाज यांनी ती निर्माण केली. १६ ऑक्टोबर २०१२ पासून ती निक वाहिनीवर कार्टून मालिका म्हणून दिसू लागली. मालिका बनवली आपल्या मुंबईतल्याच कॉसमॉस-माया या कंपनीने, दिग्दर्शक सुहास कडव, आणि शीर्षकगीत लिहिले चक्क गुलजारांनी. गावाचे नाव फुरफुरी नगर. मोटू हा काही झगा पांघरून आकाशात उडणारा सुपरहिरो नव्हे, पण समोसा पोटात गेला की त्याच्या अंगात सुपरहिरोचे बळ येते, आणि मग समोर कोणीही असो, तो त्याला दूर भिरकावतो. या बळाला समोर कोणीतरी हवाच. तो कोणीतरी म्हणजे जॉन.

जॉनला डॉन व्हायचे आहे. एवढीच त्याची इच्छा. तो बोलताना यमके जुळवतो, त्याचे ते दोन नंबरवाले चेले त्याची वाहवा करतात, आणि मग तो डॉक्टर झटकाचे एखादे नवे यंत्र पळवतो. यंत्र हाती आले की थोडा वेळ गाव त्याच्या मुठीत. तेवढ्यात मोटूला समोसा मिळतो. जॉन मार खातो, इन्स्पेक्टर चिंगम त्याला धरतो, गोष्ट संपते. दहा-बारा मिनिटांचा खेळ. ज्या भागांत सारी गोष्ट जॉनभोवतीच फिरते ते भाग मुलांना जास्त आवडतात, हे आमचे निरीक्षण आहे. नायक काय करणार हे ठाऊक असते. हा माणूस यावेळी कसा फसणार, यातच खरी गंमत.

आणि पुढच्या भागात जॉन पुन्हा मोकळा! तो कधी सुटला, कोणी सोडवले, शिक्षा किती भोगली, काही सांगत नाहीत. आम्ही वर्गात विचारले, "अरे, पण जॉनला तुरुंगातून कोण सोडवतं?" मुले आमच्याकडे दयेने पाहू लागली. एका मुलीने समजूत घातली, "टीचर, तो नाही सुटला तर पुढचा एपिसोड कसा होणार?"

या उत्तरावर आम्ही तेव्हा फारसा विचार केला नाही. नंतर करावा लागला.

आधी हे मान्य करू की वाईटाला हसणे यात स्वतःहून काही वाईट नाही. उलट, लहान मुलाला अंधाराची भीती वाटत असताना अंधारातला राक्षस केळीच्या सालीवरून घसरला असे सांगितले की ते झोपते. आपल्या मुलुखाला हे आधीपासून ठाऊक आहे. आपल्या आसपास सिंधुदुर्गातून आलेली पुष्कळ कुटुंबे आहेत. त्यांना दशावतारातला संकासुर विचारा. वेद पळवणारा हा असुर, काळ्या पोशाखात येतो आणि मालवणीत असे काही बोलतो की रात्री जागणारी मंडळी पोट धरून हसतात. शेवटी विष्णूच्या हातून तो मरतो. पण लोकांना विष्णूपेक्षा संकासुराचे बोलणे अधिक आठवते. तिथे हसण्याने देवाचा मान कमी होत नाही, असुराची भीती मात्र कमी होते.

परदेशातले एक उदाहरण तर फार बोलके आहे. 'बॅटमॅन' या अमेरिकन सुपरहिरोवरच्या १९९२ च्या कार्टून मालिकेत 'जोकर्स फेव्हर' नावाचा एक भाग आहे. त्यात बॅटमॅन थोडकाच दिसतो. गोष्ट आहे चार्ली कॉलिन्स या सामान्य नोकरदाराची. दिवस वाईट गेलेला, रस्त्यात गाड्यांची गर्दी, आणि वैतागून तो शेजारच्या गाडीतल्या माणसाला शिवी देतो. तो माणूस निघतो जोकर. गयावया करून चार्ली आपला जीव वाचवतो, पण त्या बदल्यात 'केव्हातरी माझे एक काम करावे लागेल' हे ऋण त्याच्या डोक्यावर बसते. नाव बदलून दुसऱ्या गावी गेला तरी दोन वर्षांनी जोकर त्याला शोधून काढतो. शेवटी हा घाबरट माणूस हातात बॉम्ब घेऊन जोकरला एका गल्लीत गाठतो आणि सांगतो की आपण दोघे इथेच मरू. बॅटमॅनशी मोठी लढाई नाही, कीर्ती नाही, तू एका कोणा क्षुल्लक माणसाच्या हातून मेलास एवढेच लोकांना कळेल. सगळ्या जगाला हसणारा जोकर तेव्हा भेदरून बॅटमॅनलाच हाका मारतो. बॉम्ब खोटा असतो.

हे हसू आम्हाला न्याय्य वाटते. जो दुसऱ्यांना भीती घालून जगतो, त्याची भीती एका साध्या माणसाने उतरवली. दुर्बळाने बलवानाला हसणे हे एक, आणि सर्वांनी मिळून एकट्याला हसणे हे दुसरे. दोन्हींत आवाज सारखाच येतो, म्हणून फसगत होते.

शिवाय हसण्याला सीमाही आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले, २० तारखेला लोक रुळांवर उतरले आणि लोकल तासन्‌तास बंद राहिल्या. तेव्हा आमच्या वर्गातल्या मुलांनी 'वाईट माणूस' या शब्दाचा अर्थ आम्हाला विचारला. त्या रविवारी फळ्यावर काही काढायला सांगण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही. तिथे जॉन द डॉन कामाला येत नाही. ज्या वाइटाने लेकरांना इजा होते त्याला कार्टूनमध्ये बसवता येत नाही, बसवूही नये. मग प्रश्न असा पडतो की, खऱ्या वाइटाला जर आपण हसू शकत नाही, तर ज्याला आपण हसतो तो जॉन नेमका कोण? त्याने केले तरी काय? डॉन होण्याचे स्वप्न पाहिले आणि प्रत्येक वेळी मार खाल्ला. थोडे बारकाईने पाहिले तर तो खलनायकाच्या कपड्यातला एक हरलेला माणूस आहे.

आता नावाबद्दल. हा विषय निघणारच होता. चित्रांची ती हकीकत पालकांपर्यंत पोहोचली आणि पुढच्या सभेत एका पालकांनी उभे राहून विचारले की खलनायक म्हटला की आमचेच नाव का? वाहिनीला पत्र लिहा, सह्या घ्या. सभा तापली. आमच्यातल्या काहींनाही ते पटले होते.

त्या भावनेत तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. हिंदी सिनेमाने आपल्या समाजाला दोनच जागा नेमून दिल्या होत्या : मेणबत्ती लावणारी प्रेमळ म्हातारी, नाहीतर दारूच्या अड्ड्यावरचा रॉबर्ट, टोनी, पीटर. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्येच पाहा. अँथनी देशी दारूचा गुत्ता चालवतो. मनाने सोन्यासारखा, पण गुत्ता चालवतोच. आणि त्याच चित्रपटातल्या खलनायकाचे नावही रॉबर्ट. गंमत म्हणजे अँथनी गोन्साल्विस हे नाव ज्यांच्यावरून घेतले ते गोव्याचे खरेखुरे गृहस्थ व्हायोलिन वाजवणारे, संगीताचे जाणकार आणि संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू होते. गुत्त्याशी त्यांचा संबंध नव्हता.

तरी मालिकेच्या लेखकांनी आपल्याला दुखवण्याचा कट केला असे आम्हाला वाटत नाही. 'डॉन'ला यमक हवे होते, 'जॉन' मिळाले. सवय जुनी, यमक सोपे. आळसाने केलेला अन्याय हाही अन्यायच, पण त्याला कट म्हणणे हा दुसरा अन्याय. आणि इन्स्पेक्टर चिंगमचे काय? त्याचे हिंदी दाक्षिणात्य ढंगाचे आहे, त्याने हवेत गोळी झाडली की नारळ त्याच्याच डोक्यात पडतो. आपल्या धर्मग्रामात मल्याळी आणि तमिळ कुटुंबे किती आहेत! त्या सभेत चिंगमबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. आपल्या नावाचा खलनायक झोंबतो, शेजाऱ्याच्या बोलीचा इन्स्पेक्टर विनोदी वाटतो. (एका मल्याळी मावशींनी नंतर सांगितले की त्यांच्या घरी चिंगमवरच सर्वांत जास्त हसतात. तेही खरे.)

आपण या पट्ट्यातले लोक तर हे सर्वांत आधी ओळखायला हवे होते. फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या सिंधी निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीत जागा मिळाली, १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर नाव मिळाले. आजही आपण पत्ता 'कॅम्प नंबर ३', 'कॅम्प नंबर ४' असाच सांगतो. त्या लोकांनी पत्र्याच्या शेडमध्ये लहान लहान कारखाने काढले आणि उभे राहिले. आणि मुंबईने त्यांना काय दिले? एक विनोद. 'मेड इन यूएसए', म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. नकली घड्याळ, नकली बूट, नकली कॅसेट, काहीही बिघडले की उल्हासनगर. आमच्यातले एकजण दादरला नोकरीला होते. पंचवीस वर्षे त्यांनी हा विनोद रोज ऐकला, आणि ते सिंधी नाहीत, मालही विकत नाहीत, कारकून आहेत. ते म्हणतात, पहिली दोन वर्षे राग येत असे, पुढे आपणच आधी तो विनोद सांगू लागलो, म्हणजे दुसऱ्याने सांगायला नको.

हे वाक्य लक्षात ठेवावे, कारण त्या मुलाचेही नेमके तसेच झाले.

नाव सांगत नाही, कोणते ते कळलेच आहे. अंबरनाथला शाळेत त्याला आधीपासून 'डॉन' म्हणत. पहिल्यांदा तो घरी जाऊन रडे, असे त्याच्या आईने नंतर सांगितले. मग रडणे थांबले. तो स्वतःच यमके जुळवू लागला. दोन लहान पोरांना त्याने नंबर एक आणि नंबर दोन केले. मधल्या सुट्टीत तो डब्यातली पोळी पळवायचा, पकडला जायचा, धपकन पडून दाखवायचा, आणि सारे हसायचे. चित्रांच्या त्या रविवारनंतर आमच्या वर्गातही हे सुरू झाले. आम्हाला वाटले, बरे झाले, लाजरा मुलगा खुलला.

त्या नाताळात आम्ही मुलांची नाटुकली बसवली. मोटू, पतलू, फुरफुरी नगरात नाताळ, आणि गोठ्यातला बाळ येशू पळवणारा जॉन. ती भूमिका कोणाला द्यायची याचा विचारही करावा लागला नाही. त्याने हॉल डोक्यावर घेतला. आमच्या कोणत्याही नाटकात इतक्या टाळ्या पडल्या नव्हत्या. फादरही हसले. शेवटी मोटूने समोसा खाऊन त्याला स्टेजवरून ढकलले, तो पायऱ्यांवर पालथा पडून हातपाय झाडू लागला आणि म्हातारी माणसे डोळे पुसू लागली. नाटुकलीत तो सुधारतो, बाळ येशूपुढे गुडघे टेकतो, असे एक वाक्य आम्ही लिहिले होते. वेळ कमी पडला म्हणून ते गाळले.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गोठ्यापुढची दानपेटी उघडली. त्याआधीच्या रविवारी एका कार्यकर्त्याने अंदाजे मोजून ठेवले होते, त्यापेक्षा सुमारे चारशे रुपये कमी भरले. आम्ही त्या मुलाला बाजूला घेतले. एकोणीस मुलांपैकी फक्त त्याला. रागावलो नाही. हसत हसतच विचारले, "काय डॉन, पेटीला हात लावलास का रे?" आम्हाला वाटत होते की अशा विचारण्याने त्याला लागणार नाही. तो काही बोलला नाही. त्याचे चेले नंबर एक आणि नंबर दोन दाराशी उभे होते, ते खिदळले, आणि मग तोही धपकन खाली बसला, मार खाल्ल्यासारखा. आम्ही पुन्हा हसलो.

चारशे रुपये गोठ्यासाठी पेंढा आणि दिव्यांची माळ आणायला आमच्यापैकीच एकाने पेटीतून घेतले होते आणि वहीत लिहायचे राहिले होते. दोन दिवसांनी पावती सापडली. पुढच्या रविवारी आम्ही त्याला सांगितले, "अरे, पैसे सापडले, तुझी मस्करी केली होती." तो म्हणाला, "टीचर, पण डॉननेच घेतले असणार ना?" आणि गेला. त्यानंतर कितीतरी रविवार तो वर्गाला आला नाही.

आता त्या मुलीच्या उत्तराकडे वळू. जॉन सुटला नाही तर पुढचा एपिसोड कसा होणार? मालिकेत जॉनला प्रत्येक भागात मोकळे सोडतात, म्हणजे फुरफुरी नगर मोठे क्षमाशील आहे असे वरवर पाहता वाटेल. पेत्राने प्रभूला विचारले होते की भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा पुरे का. फुरफुरी नगरने तर सातच्या सत्तरपटीपलीकडे मजल मारली असेल. पण ती क्षमा नव्हे. तिथे गुन्हा विसरला जातो आणि भूमिका मात्र पक्की लक्षात ठेवली जाते. काल जॉनने काय केले याचा हिशेब कोणी ठेवत नाही, पण आजही करणार तोच, याबद्दल कोणाच्या मनात शंका नसते. क्षमेमध्ये नेमके उलटे घडावे लागते. गुन्हा विसरायची गरज नसते. ज्याचे नुकसान झाले त्याला तो विसरताही येत नाही. माणूस मात्र त्या गुन्ह्यातून मोकळा करायचा असतो, म्हणजे उद्या तो वेगळे काही करू शकेल एवढी जागा त्याला ठेवायची असते. मालिकेला अशी जागा ठेवणे परवडत नाही. जॉन खरोखर सुधारला, चहाची टपरी टाकून बसला, तर मोटूचा समोसा वाया जाईल.

आम्ही त्या मुलावर जे केले ते त्याहून विचित्र होते. त्याचा गुन्हा नव्हताच. भूमिका तेवढी होती, आणि ती आम्हीच टाळ्या वाजवून पक्की केली होती.

कोणी म्हणेल, मुलांच्या गमतीचे एवढे काय घेऊन बसलात? पण आपल्या चाळींत, सोसायट्यांत, नात्यांत पाहा. एखादा काका असतो, पूर्वी प्यायचा. आता सात वर्षे शिवलेला नाही. तरी लग्नात त्याच्या हातात सरबताचा ग्लास दिसला की कोणीतरी डोळा मारतोच. एखादी वहिनी भांडकुदळ म्हणून ठरलेली असते. ती गप्प बसली तर 'आज तब्येत बरी नाही वाटतं' म्हणतात. एखाद्याने कधीकाळी पतपेढीचे हप्ते चुकवलेले असतात. हे सारे आपापल्या घरचे जॉन. त्यांना आपण वाळीत टाकत नाही, बोलावतो, जेवू घालतो, फक्त त्यांची भूमिका त्यांच्याकडून काढून घेत नाही, कारण मग आपण कशाला हसायचे? आणि त्यातले बरेच जण, दादरच्या त्या कारकुनासारखे, स्वतःच आधी तो विनोद सांगून मोकळे होतात. आपण म्हणतो, बघा, त्याला काही वाटत नाही.

यरीहोच्या जक्कयाची गोष्ट आपण दर दोन-तीन वर्षांनी मिस्सामध्ये ऐकतो. ती ऐकताना आपले चेहरे गंभीर असतात. पण त्या दिवशी रस्त्यावर काय दृश्य असेल? मुख्य जकातदार, श्रीमंत, बुटका, साऱ्या गावाचा नावडता, आणि तो उंबराच्या झाडावर चढून बसलेला. हसले नसतील का लोक? आम्हाला तर खात्री आहे की पोरांनी खडेसुद्धा मारले असतील. फुरफुरी नगरात असते तर फांदी मोडली असती आणि भाग तिथेच संपला असता. प्रभू त्याला नावाने हाक मारतात आणि तुझ्याच घरी उतरणार म्हणतात. तेव्हा लोक कुरकुरले, असे शुभवर्तमान सांगते. जक्कयाने लोकांना लुबाडले होते, त्यामुळे कुरकुरण्याला कारण होतेच. तरी आम्हाला वाटते की त्यात थोडी निराशाही असावी. इतक्या वर्षांचा हक्काचा खलनायक हातचा गेला. आणि जक्कयाने केलेले विसरले गेले नाही हेही पाहण्यासारखे आहे : ज्यांना फसवले त्यांना चौपट परत देण्याचा हिशेब तो स्वतःच मांडतो. गुन्हा लक्षात राहिला, भूमिका सुटली.

त्या मुलाच्या घरी आम्ही गेलो. उशिरा गेलो, लेंतच्या चौथ्या आठवड्यात. तोपर्यंत वर्गाला न येण्याचे कारण 'क्लास असतो' असे त्याची आई सांगत होती आणि आम्ही ते मानून घेत होतो. वडील कामावर होते. आम्ही त्याच्या आईसमोर त्याला सांगितले की पेटीच्या बाबतीत आमची चूक झाली, पैसे आमच्यातल्या माणसाने घेतले होते, आणि ती मस्करी नव्हती. आम्हाला खरेच तुझा संशय आला होता. हे शेवटचे वाक्य बोलणे सर्वांत अवघड गेले. मस्करी म्हटले की दोघांचीही सुटका होत होती. त्याची आई रागावली, आणि तिचा राग योग्य होता. ती म्हणाली, "पोरगं तुमच्या नाटकात काम केलं म्हणून महिनाभर खुशीत होतं. तुम्हीच असं केलंत?" मुलगा मोबाइलवर काहीतरी खेळत होता, त्याने मान वर केली नाही. चहा मात्र दिला त्यांनी.

पुढे ते कुटुंब बदलापूरच्या पुढे राहायला गेले. अधूनमधून नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला दिसत. वाहिनीला पत्र लिहायचे होते ते लिहिले गेले नाही. सह्यांचा कागद कुणाच्या तरी फाइलमध्ये असेल. मालिका चालूच राहिली, २०१६ मध्ये 'मोटू पतलू : किंग ऑफ किंग्ज' हा चित्रपटही आला. 'वाईट माणूस' काढा असे आम्ही त्यानंतर कधी सांगितले नाही. त्याऐवजी काय सांगावे हेही आम्हाला नीट सुचलेले नाही. सध्या सातव्या आज्ञेच्या वेळी आम्ही मुलांना एवढेच विचारतो की तुमच्याकडून कोणाची वस्तू परत द्यायची राहिली आहे का. निम्मा वर्ग खोडरबर काढतो.

२०१९ मध्ये दृढीकरण संस्काराची तयारी चालू होती तेव्हा तो मुलगा परत आला, उंच झालेला, ओठांवर कोवळी मिसरूड. बदलापूरहून लोकलने एकटा येई. संस्कारासाठी एखाद्या संताचे नाव निवडून अर्जावर लिहायचे होते. मुलांनी सेबॅस्टियन, फ्रान्सिस, डोमिनिक अशी भारदस्त नावे लिहिली. त्याचा अर्ज आम्ही पाहिला तर रकान्यात त्याचे स्वतःचेच नाव पुन्हा लिहिलेले. आम्हाला वाटले, घाईत चुकले असेल. विचारले, "दुसरं घेतलंस तरी चालतं हं, हे तर तुझं आहेच."

तो म्हणाला, "माझंच आहे. म्हणून तर लिहिलं."

आम्ही अर्ज गठ्ठ्यात ठेवला आणि पुढच्या मुलाला बोलावले.